कुलाब्याचीं भुतें आणि त्यांचे चौकशीदार

ज्या जिल्ह्यास १९८१ पासून आपण रायगड म्हणतों, त्याच्या भुतांची पहिली पद्धतशीर चौकशी कोणा मांत्रिकानें केली नाहीं, तशी ती कोणा शास्त्रज्ञानेंहि केली नाहीं. ती केली गांवोगांवच्या मराठी शाळांतील मास्तरांनीं. जिल्ह्याचें नांव तेव्हां कुलाबा होतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींतील ए. एम. टी. जॅक्सन ह्या विद्वान अधिकाऱ्यानें एक लांबलचक प्रश्नपत्रिका तयार करून ती प्राथमिक शिक्षकांकडे धाडली. तुमच्या गांवीं सूर्याची पूजा कशी होते, पाऊस लांबला म्हणजे लोक काय करतात, सांथीची देवी कोणती, दृष्ट कशी काढतात, कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावीत नाहींत, आणि मेलेलीं माणसें कोणत्या रूपानें परत येतात, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. त्यांचा आराखडा उत्तर हिंदुस्थानच्या लोकधर्मावर लिहिणाऱ्या विल्यम क्रुकच्या ग्रंथावरून घेतलेला होता.

हीं उत्तरें ग्रंथरूपानें पाहणें जॅक्सनच्या नशिबीं नव्हतें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास ते आले असतां अनंत कान्हेऱ्यांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांवरील खटल्याचा राग त्यामागें होता, हें सर्वश्रुत आहे. संस्कृताच्या व्यासंगामुळें ज्यास लोक ‘पंडित’ म्हणत, त्याच कलेक्टरच्या कचेरींत एका बाजूस राजद्रोहाचे कागद आणि दुसऱ्या बाजूस हडळींच्या याद्या असाव्यात, हें आपल्या इतिहासांतील एक विलक्षण चित्र आहे. पुढें आर. ई. एन्थोवेन ह्यांनीं ते कागद जुळविले. गुजरातचा भाग १९१४ मध्यें व कोंकणचा १९१५ मध्यें प्रसिद्ध झाला. कोंकणच्या भागांत त्रासदायक मृतात्म्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या तळटीपांत माहिती देणाऱ्यांचीं नांवें नाहींत. ‘शाळामास्तर, चौक, कुलाबा’ एवढीच ओळख.

हा अनाम मास्तर माझ्या डोळ्यांपुढें नेहमीं उभा राहतो. पगार बेताचा, डोक्यास पागोटें, ट्रेनिंग कॉलेजांत भूगोल आणि त्रैराशिक शिकलेला, पण घरीं आईनें अमावास्येस उंबऱ्यावर ओवाळून टाकलेला भात ओलांडण्याची छाती नसलेला. सरकारनें त्याला ‘भुतें आहेत काय?’ असा प्रश्न केला असता तर तो अडचणींत आला असता. ‘होय’ म्हणावें तर इन्स्पेक्टरसाहेब अडाणी म्हणणार, ‘नाहीं’ म्हणावें तर गांवांत राहावयाचें आहे. जॅक्सननें तो प्रश्न विचारलाच नाहीं. लोक काय म्हणतात तें लिहा, एवढेंच त्यांनीं मागितलें, आणि मास्तरानें तें निमूटपणें लिहून दिलें. ह्या साध्या युक्तीमुळें जें हातीं लागलें तें लंडनच्या मोठमोठ्या संशोधकांस यंत्रें घेऊन, रात्री जागूनहि लाभलेलें नाहीं, असें माझें मत आहे. तें कसें, हें सांगण्यासाठीं त्या यादींत थोडें शिरलें पाहिजे.

कोंकणांतील भुतांना जात आहे, वय आहे, आणि त्यांचें लग्न झालें होतें कीं नाहीं ह्याची नोंद आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीं जो ब्राह्मणाचा मुलगा वारला तो मुंजा. त्याचा वास पिंपळावर. धनाचा लोभ सुटला नाहीं आणि मागें पिंड द्यावयास कोणी राहिलें नाहीं असा ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. बाळंतपणाच्या दहा दिवसांच्या आंत जी गेली ती हडळ. पोटुशी असतांना किंवा प्रसूत होतांना गेलेली ती अलवंतीण. सवाष्णपणीं गेलेली जखीण, विधवा गेलेली लावसट. खारवी-कोळ्यांतला झोटिंग. बुडून मेलेल्याचा किंवा ठार मारलेल्याचा गिऱ्हा. तो पाण्याच्या कडेला असतो आणि त्याचे केंस हातीं लागले तर माणसाचा चाकर होऊन राहतो. गांवोगांवीं ह्या व्याख्यांत थोडाफार फरक आढळतो, परंतु सांगाडा तोच. ह्या सर्वांचा राजा वेताळ. त्याची शेंदूर फांसलेली शिळा शिवेवर असते आणि तो बहुधा गांवाचें भलेंच करतो.

ही यादी वाचतांना भीति वाटण्याऐवजीं दुसरेंच कांहीं वाटूं लागतें. ही भुतांची यादी नसून मृत्यूंची नोंदवही आहे. जे मृत्यु समाजाला नीटसे पचले नाहींत, ज्यांचे विधि अपुरे राहिले, ज्यांच्याविषयीं कोणाचें तरी मन खात राहिलें, ते मृत्यु ह्या वहींत येतात. म्हातारा आजोबा नातवंडांच्या मांडीवर डोकें ठेवून गेला तर त्याचें भूत होत नाहीं. तो पितर होतो आणि सर्वपित्रीला खीर खाऊन जातो. बाळंतिणीचें मात्र भूत होतें. ज्या काळीं सुईण, अंधारी खोली आणि शेगडी एवढीच बाळंतपणाची सिद्धता होती, त्या काळीं प्रत्येक आळींत एकीला तरी हडळ होणें प्राप्त होतें. बायकांच्या भुतांना इतकीं वेगवेगळीं नांवें आहेत, ह्याचें कारण बायकांच्या मरणाच्या इतक्या वेगवेगळ्या तऱ्हा होत्या.

समुद्रकांठच्या माणसाला आणखी एक गोष्ट कळेल. मचवा उलटला म्हणजे पुष्कळदां प्रेत लागत नाहीं. राख नाहीं, अस्थि नाहींत, दहावा करावा तर कोणत्या दिवसापासून मोजावयाचा हेंहि ठाऊक नाहीं. अशा घरची म्हातारी वर्षानुवर्षें संध्याकाळीं किनाऱ्याकडे पाहत बसते, आणि शेजारीपाजारी म्हणतात कीं पाण्यावर कोणी तरी हांक मारतें. ह्याच किनाऱ्यावर जंजिऱ्याचें सिद्दी राज्य १९४८ पर्यंत नांदलें. कोंकणच्या ह्या पिशाचांत ‘काफरी’ म्हणून एक आहे. तें आफ्रिकेंतून आलेल्या हबशी माणसाचें भूत. स्वदेशापासून समुद्रापार आणलेला, जातगोत नसलेला मनुष्य येथें मेला, त्याचें क्रियाकर्म कोणीं केलें असेल? इतिहासाच्या पुस्तकांत ह्या सामान्य हबशांना दोन ओळी मिळत नाहींत. भुतांच्या यादींत मात्र त्यांस जागा मिळालेली आहे.

आतां वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं ह्या यादींत घर फारसें नाहीं. पिंपळ आहे, विहीर आहे, वेस, मसणवट, खाडीचा बांध आहे. घराला धरून राहणारा मुख्यतः एक समंध, कारण त्याचा जीव पुरलेल्या हंड्यांत आणि बेवारस वाड्यांत अडकलेला. इंग्रजी कथांतील झपाटलेलें घर आपल्याकडे आलें तें बऱ्याच अंशीं वाचनांतून. परंतु तें येथें रुजलें तें मात्र आपल्याच जमिनींत. माझ्या इतिहासाच्या वर्गांतील विद्यार्थी बहुतेक ह्याच पट्ट्यांतले, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतचे. सुट्टींत त्यांना मी गांवची माहिती गोळा करावयास सांगतों. ‘आमच्या गांवांत एक झपाटलेलें घर आहे’ असें कोणी लिहून आणलें कीं मी त्याला तलाठ्याकडून त्या घराचा आणि आगराचा उतारा आणावयास सांगतों. उताऱ्यावर बहुधा सात-आठ वारसांचीं नांवें निघतात. दोघे मुंबईस, एक परदेशीं, एकीचा पत्ता नाहीं, आणि एक जण शेजारींच राहून सुपाऱ्या उतरवून नेणारा. भुताची गोष्ट पहिल्यानें कोणीं सांगितली, हें मी विचारीत नाहीं. पोरें हुशार आहेत, तीं आपणच हंसतात.

बंद घराला आवाज असतात, हेंहि खरें आहे. १८६५ मध्यें बाझल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यापासून ह्या किनाऱ्यावर मंगलोरी कौलें आलीं. त्यांवरून रात्रीं उदमांजर धांवलें म्हणजे माडीवर कोणी माणूस चालल्यासारखें वाटतें. माळ्यावर गव्हाणी घुबडाचें जोडपें असेल तर तें फुत्कार टाकतें, किंचाळतें. तोंड तर मुखवटा घातल्यासारखें पांढरेंच. पावसाळ्यांत फुगलेलीं सागवानी दारें कार्तिकांत आकसतात आणि मध्यरात्रीं कडकड वाजतात. वाऱ्यानें नारळाची झांप कौलांवर घासते. एवढें सांगून मी थांबतों. कारण उदमांजराचा पुरावा दिल्यानें कोणाची भीति गेल्याचें मला आढळलेलें नाहीं.

येथें एक गोष्ट आठवते. जॅक्सनची प्रश्नपत्रिका निघाली त्याच दशकांत अलिबागेस अदृश्य शक्तीचें मोजमाप करणारी एक संस्था उभी राहिली. मुंबईंत विजेच्या ट्राम सुरू होणार, त्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हें ओळखून नानाभाई मूस ह्यांनीं ते काम अलिबागेस हलविलें. १९०४ मध्यें येथील वेध सुरू झाले, आणि दोन वर्षें दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी ठेवून ताळा पाहण्यांत आला. इमारतींत लोखंडाचा खिळा नाहीं, दगड पोरबंदरचा. अंधाऱ्या खोलींत टांगलेला चुंबक कोणाच्या स्पर्शावांचून हलतो आणि त्याची रेघ छायाकागदावर उमटते. वेधशाळेच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या कोळणीला ही हकीकत सांगितली असती तर तिनें हात जोडले असते. परंतु मूस ह्यांनीं ट्रामचा उपसर्ग आधीं बाजूस काढला, दुसरीकडे ताळा घेतला, आणि मग नोंदीवर विश्वास ठेवला. भुतांच्या चौकशीचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे ह्या क्रमाचें महत्त्व पटतें.

तो इतिहास १८८२ मध्यें लंडनास स्थापन झालेल्या सायकिकल रिसर्च सोसायटीपासून धरण्याचा प्रघात आहे. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक तिचे पहिले अध्यक्ष. हिंदुस्थानाशीं तिचा संबंध फार लवकर आला. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्यें मुंबईस उतरले आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यार येथें गेले. अड्यारच्या एका देव्हाऱ्यासारख्या कपाटांत महात्म्यांचीं पत्रें आपोआप प्रकट होतात, अशी ख्याति झाली. सोसायटीनें रिचर्ड हॉजसन ह्यांस १८८४ मध्यें तिकडे पाठविलें. कपाट ज्या भिंतीला टेकलेलें होतें तिच्या पलीकडे बाईंची निजण्याची खोली होती, हें त्यांच्या ध्यानीं आलें, आणि १८८५ च्या अहवालांत त्यांनीं ब्लाव्हाट्स्कींना लबाड ठरविलें. त्या अहवालावर पुढें शंभर वर्षें वाद चालला, तो असो. घरांतून दगड-भांडीं फेंकलीं जाण्याच्या प्रकारांविषयीं फ्रँक पॉडमोर ह्यांनीं १८९६ मध्यें निकाल दिला कीं बहुतेक ठिकाणीं घरांतलें एखादें खोडकर मूलच हें करीत असतें. आपल्याकडे ह्याच प्रकाराला भानामती म्हणतात.

ह्याच जातीचा एक प्रकार पुढें पुण्यास अशा घरांत घडला कीं त्याहून विचित्र योग कोणा कादंबरीकारासहि सुचला नसता. तें घर ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचें. कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच. डी., जातिसंस्थेच्या इतिहासाचे लेखक, ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड पुरे करणारा हा पुरुष. पत्नी शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या ईडिथ कोन. व्रात्यस्तोम विधीनें त्यांना हिंदु करून घेऊन केतकरांनीं १९२० मध्यें विवाह केला. शीलवतीबाईंची बहीण मिस कोन पुण्यास डेक्कन कॉलेजांत युरोपीय भाषा शिकवीत आणि बहिणीजवळ राहात. केतकरांनीं एक पोरका ब्राह्मण मुलगा घरीं वाढविण्यास आणला होता. आठ-नऊ वर्षांचा असेल. १९३० च्या आधींच्या दोन-तीन वर्षांत त्या मुलाच्या आसपास चमत्कारिक गोष्टी होऊं लागल्या. बाटल्या फेंकल्या जाऊन फुटत, वस्तु नाहींशा होत, दौती उडत, मधूनच नाणीं खालीं पडत. त्याच्या थोरल्या भावाच्या संबंधांतहि पूर्वीं असे प्रकार झाल्याचें सांगण्यांत येई.

मिस कोन ह्यांनीं काय घडलें त्याचें टिपण ठेवलें. हें टिपण हॅरी प्राइस नांवाच्या प्रसिद्ध इंग्रज संशोधकाकडे गेलें आणि १९३० मध्यें अमेरिकन सायकिकल रिसर्च सोसायटीच्या मासिकांत दोघांच्या नांवानें ती हकीकत प्रसिद्ध झाली. मिस कोन ह्यांचा ग्रह असा झाला होता कीं हें कोणाच्या हातचें काम नव्हे. त्या खोटें लिहीत होत्या असें मानण्यास मुळींच जागा नाहीं. भाषाशास्त्राच्या शिस्तींत वाढलेली ती विदुषी होती. परंतु तिचा कागद आणि आपल्या कुलाब्याच्या मास्तराचा कागद शेजारीं ठेवले तर फरक दिसतो. मास्तराचा प्रश्न असा, कीं कोण मेलें आणि कसें मेलें? मिस कोन ह्यांचा प्रश्न असा, कीं बाटली कोणत्या दिशेनें आली आणि त्या वेळीं मूल कोठें उभें होतें? हा दुसरा प्रश्न चुकीचा नाहीं. पण ज्या मुलाचे आईबाप गेले आहेत, जो परक्या घरीं, अर्धी जर्मन-इंग्रजी बोलणाऱ्या वडील माणसांत, पुस्तकांच्या भिंतींमध्यें नवीन आयुष्य शिकतो आहे, त्याच्या मनांत काय चाललें असेल, हा प्रश्न त्या सर्व नोंदींच्या बाजूस कोठें तरी कडेला पडून राहिला. मास्तराच्या वहींत हा मुलगा पहिल्याच पानावर आला असता.

मुलानें हें मुद्दाम केलें असें मी म्हणत नाहीं. शंभर वर्षांनंतर छापील कागदावरून तसें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. पॉडमोरचा ‘खोडकर मूल’ हा निकालहि मला कोरडा वाटतो. खोडी म्हटली कीं शिक्षा आली, आणि दुःख म्हटलें कीं विचारपूस आली. ज्या घरांत कोशाच्या नोंदींसाठीं जगांतील प्रत्येक विषयाचें टांचण होत असे त्याच घरांत हें व्हावें, ह्यांत केतकरांचा उपहास करण्याजोगें कांहीं नाहीं. उलट अनाथ मुलाला घरांत घेऊन, एवढा उपद्रव सोसून, त्यास सांभाळणारें तें कुटुंब होतें. किती घरांनीं त्याला दुसऱ्याच दिवशीं बाहेर काढलें असतें!

प्राइसविषयीं मात्र माझें मत इतकें उदार नाहीं. त्यांनीं १९२६ मध्यें रुमानियांतील एलेओनोर त्सुगुन नांवाच्या तेरा वर्षांच्या मुलीला लंडनास आणून आपल्या प्रयोगशाळेंत बसविलें होतें. पुण्याची हकीकत छापण्याच्या आदल्या वर्षीं, १९२९ च्या जूनांत, ते इंग्लंडांतील बोर्ले गांवच्या पाद्र्याच्या घरीं पहिल्यांदां गेले. तें घर पुढें त्यांनीं वर्षभर भाड्यानें घेतलें, १९३९ मध्यें तें जळालें, आणि १९४० मध्यें ‘इंग्लंडांतील सर्वांत झपाटलेलें घर’ अशा अर्थाच्या नांवानें त्यांचा ग्रंथ आला. १९४८ मध्यें ते वारले. त्यानंतर सोसायटीच्याच तिघां सभासदांनीं सर्व कागद तपासून १९५६ मध्यें लिहिलें कीं बोर्लेच्या पुराव्यांत राम नाहीं आणि कांहीं प्रकार खुद्द प्राइस ह्यांनींच घडविले असावेत. चौकशीदार हाच उपसर्ग झाला! अलिबागेच्या वेधशाळेंत ज्याला ट्राम म्हणतात तो.

अमेरिकेंत ही परंपरा पुढें बाजारांत उतरली. अ‍ॅमिटीव्हिल येथील घरावर १९७७ मध्यें पुस्तक निघालें आणि अफाट खपलें. दोन वर्षांत त्या प्रकरणांतील वकिलानेंच सांगितलें कीं ती गोष्ट आम्हीं मद्याच्या बाटल्या पुढें ठेवून रचली. वॉरेन दांपत्यानें अ‍ॅनाबेल नांवाची एक चिंध्यांची बाहुली कांचेच्या पेटींत ठेवून प्रसिद्धीस आणली. आमच्याकडे बांधकाम चालू असलेल्या घरावर काळी बाहुली टांगतात ती दृष्ट लागूं नये म्हणून. काम संपलें कीं तिची कोणास आठवणहि राहत नाहीं. पछाडलेल्या वस्तूची मांत्रिकानें बांधलेली आपली तऱ्हा म्हणजे नारळ किंवा बाटली, आणि ती खाडींत सोडून द्यावयाची असते. कांचेंत ठेवून तिकीट लावण्याची कल्पना कोंकणास सुचली नाहीं, हें एक बरें झालें.

परंतु कोंकणच्या भोळेपणाचें कौतुक येथेंच पुरे. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं बायकांना मिरच्यांची धुरी देणें, दोरीनें बांधणें, छतास टांगणें, चपला भिजविलेलें पाणी पाजणें, हे प्रकार महाराष्ट्रांत घडत आले. म्हणूनच तर ते एकामागून एक कायद्यांत लिहावे लागले. ह्या कायद्यासाठीं नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षें झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास त्यांचा खून झाला. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. जॅक्सनच्या प्रश्नपत्रिकेनंतर शंभरावर वर्षें गेलीं होतीं. हडळीची व्याख्या ज्या बाईमुळें झाली ती तेव्हां मरून गेलेली असे. धुरी जिला देतात ती जिवंत असते.

दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें भानामतीच्या तक्रारी आल्या म्हणजे चौकशीची जी रीत घालून दिली, ती मला प्राइसहून मास्तराच्या अधिक जवळची वाटते. कार्यकर्ते घरांत जातात, प्रत्येकाशीं एकेकट्यानें बोलतात, कोणाच्या मनावर कसला भार आहे तें काढून घेतात. बहुधा ती एखादी सासुरवाशीण असते, शाळेंत मागें पडलेलें पोर असतें, नाहीं तर कोणी लक्ष न देणारी विधवा नणंद असते. त्या व्यक्तीला धीर देतात, तिच्याकडून वचन घेतात, आणि प्रकार थांबतात. मग सारा गांव विचारतो, ‘कोण करीत होतें?’ त्याचें उत्तर देत नाहींत. नांव फोडलें कीं त्या माणसाला त्या घरांत राहणें कठीण होईल, हें त्यामागचें कारण. पुण्याच्या त्या मुलाचें नांव इंग्रजी मासिकांत छापलेलें आहे, मला तें ठाऊकहि आहे. मीं तें येथें लिहिलेलें नाहीं.